कठड्याआधी फीत नको

भोपाळ

आईस, महारुद्रचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे, खोकला गेला. वैष्णवीने गावातल्या ज्येष्ठांच्या विसावा केंद्राचा फोटो पाठवला. पंचायत, तरुण मंडळ, पतसंस्था एकत्र आली आणि तिघांच्या अकलेतून निघाल्या उंच पायऱ्या, त्याही बिनकठड्याच्या. एकाही म्हाताऱ्याला विचारलं नाही. म्हातारपण यांनी फक्त भाषणात पाहिलंय.

आणि फीत कापायला म्हणे तू. गुडघा कसा आहे? खरं सांग.

उमाजीकाका वैष्णवीला म्हणाले तेच खरं, "चढता येईना, तर विसावा काय पायरीवर घ्यायचा?" त्यांना आणि भागुबाईंना घेऊन खालीच बस. उद्घाटनाला येणारे गंगाखेडचे पाहुणे ताटकळू देत. कात्री हातात आली की म्हण, "कठडा लावा, मग कापते."

तोवर कात्री परत देऊ नकोस.

तुझ्या गुडघ्याच्या काळजीत,
महारुद्र