मी अद्याप मॉरिशसला गेलेलो नाही, असा दाखला मिळणेबाबत

दि. ३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, पांढरघाट,
जि. अमरावती

अर्जदार : जानराव महादेवराव खासबागे, वय ६३, धंदा संत्रा रोपवाटिका, रा. मौजे हिवरखेडी

विषय : अर्जदार गावातच राहतो व परदेशी गेलेला नाही, असा रहिवासी दाखला तातडीने मिळणेबाबत.

संदर्भ : १) पोलीस पडताळणी अहवाल, दि. ९ ऑक्टोबर
२) तलाठी यांचा स्थळ पंचनामा, दि. १७ ऑक्टोबर
३) माझ्या फाटकासमोरचा फ्लेक्स

महोदय,

हा अर्ज मी स्वतः, स्वतःच्या घरी बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. एरवी ही बाब कोणी अर्जात लिहीत नाही. मला लिहावी लागते, याचे कारण पुढीलप्रमाणे.

१) माझी एकुलती एक मुलगी दामिनी लग्नानंतर मॉरिशस या बेटावरच्या देशात राहते. जावई नितेश तिथे हॉटेलात नोकरीला आहेत. दामिनीला पहिल्यांदाच दिवस गेले असून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली तारीख आहे. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, ही आपली रीत आपणास सांगायला नको. परंतु डॉक्टरांनी तिला विमानप्रवासाची सक्त मनाई केली आहे. तिची आई चंदा चार वर्षांपूर्वी वारली. भाऊ, काकू, मावशी कोणी नाही. म्हणजे माहेर म्हणून जे काही शिल्लक आहे, ते मीच. लेकीला माहेरी येता येत नाही, तर माहेराने उठून लेकीकडे जावे व पाच महिने तिथे मुक्काम करावा, असे मी ठरवले.

२) तयारीत मी कसूर केलेली नाही. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलमे करण्यात माझी चाळीस वर्षे गेली, पण तान्ह्या बाळाला न्हाऊ घालण्याचा अनुभव शून्य. म्हणून शेजारचे शेषराव यांच्या पत्नी लीलाबाई यांच्याकडे रीतसर शिकलो. मालिश, आंघोळ व दुपट्यात गुंडाळणे यांचा सराव तीन किलोच्या लवकीवर, म्हणजे दुधी भोपळ्यावर, केला. पहिल्या दिवशी लवकी दोनदा हातून सुटली. आता सुटत नाही. डिंकाचे लाडू तिसऱ्या खेपेला वळले गेले. चंदाची मऊ झालेली लुगडी फाडून बारा दुपटी शिवली. फाडताना मला रडू आले. अर्जात याची गरज नाही, पण खोडाखोड नको म्हणून राहू देतो. रोपवाटिकेचे पाणी पाहायला पाच महिन्यांसाठी माणूसही लावून झाला.

३) सप्टेंबरात पासपोर्टसाठी अर्ज केला. ही बातमी गावात पसरली आणि इथून माझे ग्रह फिरले. आमच्या गावची पद्धत अशी, की दूरदेशी जाणाऱ्या माणसाला घरोघरी जेवायला बोलवायचे व मग वाजतगाजत वेशीपर्यंत पोचवायचे. मी नवरात्राच्या नऊ दिवसांत सव्वीस घरी जेवलो. उपासांमुळे एकोणीस घरी साबुदाण्याची उसळ होती. दि. ३ ऑक्टोबर रोजी देवीच्या महाप्रसादाच्या मंडपातच माझा निरोप समारंभ ठेवण्यात आला. पासपोर्ट हाती नसताना निरोप कसला, अशी रीतसर हरकत मी घेतली. त्यावर मंडळाचे अध्यक्ष गजेंद्र म्हणाले, “पासपोर्ट काय, येतच राहते भाऊ. मंडप उद्या निघून जाते.”

४) शाल, श्रीफळ व भाषणे झाली. सरपंच जयवंताबाई यांनी माझ्या परदेशगमनाबद्दल अभिनंदनाचा ठराव ग्रामसभेत मंजूर झाल्याचे जाहीर केले. नंतर बँड लावून मला वरूडच्या एसटीत बसवले. वरूडला उतरून, एक कप चहा घेऊन, मी दिवस मावळायच्या आत घरी परतलो. महोदय, मी दुसरे कुठे जाणार होतो?

५) सकाळी मी रोपांना पाणी देताना दिसलो, तेव्हा गावाची पंचाईत झाली. ज्याला नारळ फोडून पोचवले तो माणूस दुसऱ्या दिवशी दारात पाइप घेऊन उभा! हिवरखेडीची माणसे मुळात भिडस्त. माझी लाज झाकायची म्हणून त्यांनी मला न पाहिल्यासारखे केले. भजनी मंडळात पेटीवर माझ्या जागी दुसरा बसला. न्हाव्याने “तिकडून आले की या” असे सांगून पुढच्याला खुर्चीत घेतले. शेषराव मात्र रोज कुंपणावरून विचारतात, “काय म्हणते मॉरिशस? हवा कशी हाय?” दोन दिवस मी रोपांना पाणी देत राहिलो. तिसऱ्या दिवशी वैतागून “दमट आहे” असे म्हणालो. ही माझी चूक झाली, हे मान्य.

६) दि. ९ रोजी पडताळणीसाठी पोलीस शिपाई आले. त्यांनी शेषरावांना माझा पत्ता विचारला. शेषरावांनी मंडळाने माझ्या निरोपासाठी फाटकासमोर लावलेल्या फ्लेक्सकडे अभिमानाने बोट दाखवले. त्यावर समुद्र, विमान आणि कोट-गॉगल घातलेला मी आहे. कोट व त्याखालचा माणूस फ्लेक्सवाल्याचा, डोके तेवढे माझे. मी पाइप टाकून पुढे झालो व मीच तो, असे सांगितले. शिपायांनी एकदा फ्लेक्सकडे व एकदा माझ्या बनियनकडे पाहिले. शेषराव म्हणाले, “हे नाही वो साहेब. ते त परवाच समुद्राची हवा सांगत होते मले.” अहवाल गेला : अर्जदार परदेशी गेल्याचे समजते.

७) सबब रहिवासी दाखल्यासाठी मी ग्रामपंचायतीत गेलो. जयवंताबाई म्हणाल्या की दाखला दिल्यास ग्रामसभेचा ठराव खोटा पडतो, व ठराव रद्द करायला पुढची ग्रामसभा जानेवारीत आहे. मग मी तलाठ्यांकडे अर्ज केला व ते पंचनाम्याला आले तेव्हा माझ्या दारात पंधरा माणसे जमली. मी मधोमध उभा होतो. सर्वांनी एकमुखाने मी नसल्याचे सांगितले. नंतर एकेकाला गाठून विचारले, तर उत्तर आले, “पोलिसाले एक सांगतलं, आता तलाठ्याले दुसरं सांगतलं त आमीच अंदर जाऊ ना भाऊ!” पंचनाम्यावर पंच म्हणून सही करायला एक माणूस कमी पडत होता. तलाठ्यांनी मला विचारले व मी सवयीने करून टाकली. म्हणजे मी इथे नसल्याला साक्षीदारही मीच आहे.

८) आता पासपोर्ट कार्यालयाची नोटीस आली आहे. पासपोर्ट नसताना आपण कोणत्या पासपोर्टवर परदेशी गेलात, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा, असे तीत आहे. ती पोस्टमनने फाटकाबाहेरूनच मला वाचून दाखवली आणि “घेणारा गावी नाही” असा शेरा मारून परत नेली.

९) इथवरचे सर्व मी हसून सोडले असते. आजवर दामिनीला यातले काही सांगितले नव्हते. या दिवसांत तिला घोर नको, म्हणून “येतो, दोन-चार दिवसांत येतो” एवढेच म्हणत होतो. दि. ३१ रोजी माझा फोन बंद पडला. तिने घाबरून लीलाबाईंना फोन लावला. लीलाबाई मनाने वाईट नाहीत. पोरगी रडते आहे हे ऐकून त्या म्हणाल्या, “निघाले वो माय तुझे बाबा. पोचतीनच आता.” आठवा संपत आलेली माझी पोर दुसऱ्या दिवशी सकाळपासून विमानतळावर जाऊन बसली. नितेशराव ड्युटीवर होते. एकेक विमान उतरत गेले, माणसे बाहेर येत गेली, आणि ती प्रत्येकाचे तोंड पाहत राहिली. संध्याकाळी घरी जाऊन तिने मला पुन्हा फोन केला, तोवर तो सुरू झाला होता. रागावली नाही. एवढेच म्हणाली, “बाबा, तुमी तिथं नाही म्हणते लोकं. इथं बी आले नाही. मंग मी कोणाच्या भरवशावर राहू?”

याचे उत्तर चंदा असती तर तिने दिले असते.

तरी, महोदय, मला सत्कार नको, नुकसानभरपाई नको, गावकऱ्यांवर कारवाई तर मुळीच नको, त्यांनी जेवू घातले आहे. आपण फक्त एक ओळ सही-शिक्क्यासह लिहून द्यावी, की जानराव खासबागे हिवरखेडीत आहे. तेवढे लिहिले की मला इथून जाता येईल. दिवस फार थोडे उरले आहेत, आणि तिथे तिच्याजवळ दुसरे कोणी नाही.

आपला, अजून इथेच असलेला,
(सही)
जानराव महादेवराव खासबागे

सोबत :
१) आधार कार्डाची छायाप्रत
२) ग्रामसभेच्या ठरावाची प्रत
३) फ्लेक्सचा फोटो (डोके पाहावे, कोट पाहू नये)
४) मॉरिशसच्या डॉक्टरांची चिठ्ठी, तारखेसह
५) हा अर्ज घेऊन आलेला इसम, मूळ प्रत. पाहून लवकर परत करावा, ही विनंती.