खळ लावलेले सात टॉप

टांडापेठ, नागपूर
बुधवार, १४ मे १९७५

तीर्थस्वरूप रंभामावशीस,

जयवंताचा उमरेडच्या दिशेने वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? काकाजींचा खोकला या उन्हाने तरी सुकला असेल. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. आई-बाबा तर फारच खुशाल आहेत. परवा जे झालं त्यानंतर त्यांनी इतकं खुशाल असणं मला मुळीच पटलेलं नाही.

तुला आठवत असेल, माझा बी.ए.चा निकाल लागला तेव्हा बाबांनी गल्लीभर पेढे वाटले होते. घरातली पहिली पदवी म्हणून लोकांनी पेढे खाल्ले आणि विसरले, पण मी त्याच दिवशी ठरवलं की हे शिक्षण आपल्यापुरतं ठेवायचं नाही. मग मी डोळे उघडून गल्लीकडे पाहिलं. काय दिसलं? घरोघरी हातमाग, दिवसभर सुती लुगडी विणणारी माणसं, आणि त्यांच्याच पोरी मे महिन्यात नायलॉनचे झंपर घालून मानेवरच्या घामोळ्या खाजवत बसलेल्या! (नायलॉनला इस्त्री लागत नाही, हे मला कुणी सांगू नये. छपराच्या टिनालाही इस्त्री लागत नाही.) साऱ्या जगाने हे महिला वर्ष म्हणून पाळावं आणि टांडापेठेने पाठ खाजवावी, हे मला सहन होईना. मी ठरवलं, घरातली जुनी लुगडी घ्यायची आणि त्यांचे उन्हाळी टॉप शिवायचे. नऊवारी लुगडं बसण्याच्या जागी विरतं, पण पदराकडचं कापड वर्षानुवर्षं धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं असतं. सैल गळा, बाही नाही, परकरावर घातला की वाऱ्याला मोकळी वाट. कॉलेजातल्या मुली असे टॉप दुकानातून आणतात. आपल्या पोरींनी ते घरी शिवावेत, यासाठी मी वर्गच काढायचं ठरवलं. पंधरा जणींनी नावंही दिली.

आता वर्ग म्हटला की मशीन हवं. धंतोलीच्या एका महिला मंडळाकडे एक शिलाई मशीन द्यायचं होतं. मी अर्ज केला. दुसरा अर्ज होता उशीच्या अभ्र्यांवर पोपट काढायला शिकवणाऱ्या एका वर्गाचा. (पोपट! या उन्हात!) मंडळाच्या चिटणीसबाई, एका डॉक्टरांच्या पत्नी, सोमवारी सकाळी आमचे नमुने बघायला येणार असं ठरलं. मी पंधरा दिवस हाताने टाके घालून सात टॉप शिवले. घरच्यांचं प्रोत्साहन कसं होतं म्हणशील, तर आईने ते दोरीवर वाळताना पाहिले आणि विचारलं, "काहून वं जयवंता, सात-सात बंड्या कोणाले? तुह्या बापाले तं दोनच लागतात." मी तिला टॉप आणि बंडी यांतला फरक तीन वेळा समजावला. तिने तीनही वेळा मान डोलावली आणि शेजारच्या जनाबाईला सांगितलं की आमच्या पोरीने बंड्या शिवल्या.

रविवारी दुपारी टॉप धुऊन वाळत घातले आणि मी पोरींना उद्याची वेळ सांगायला बाहेर पडले. इथे माझी चूक झाली, हे मी मान्य करते. घरात विणकर बाप असताना ओलं कापड एकटं सोडू नये. बाबांनी दोरीवर पाहिलं. सात कपडे, मऊ, लोंबणारे, निर्जीव. दुसऱ्या दिवशी धंतोलीच्या बाई येणार. आता तूही विणकराच्याच घरात वाढलीस, तुला सांगायला नको की कोष्ट्याच्या घरातून मऊ कापड पाहुण्यापुढे गेलं की त्याला ते उघड्या अंगाने पाहुण्यापुढे गेल्यासारखं वाटतं. त्यांनी तांदळाची खळ शिजवली, मागावरच्या उभ्या ताण्याला लावतात तशीच घट्ट. दोन खांबांना दोऱ्या बांधून सातही टॉप ताणले, कुंच्याने दोन्ही बाजूंनी खळ चढवली, वर आणखी एक हात दिला. उन्हाचं तर विचारूच नकोस, अर्ध्या तासात काम झालं. मग नीट चळत लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून ट्रंकेत ठेवलं. मला सांगितलं नाही. पोरीला उद्या पाहुण्यांसमोरच कळावं, असा त्यांचा बेत होता!

कळलं. पाहुण्यांसमोरच कळलं.

चिटणीसबाई सतरंजीवर बसल्या. मी घामोळ्या, स्वावलंबन आणि हातमाग यांवर दहा मिनिटं बोलले. "हातात घेऊन बघा, फुलासारखं हलकं कापड," असं म्हणत मी पुडकं सोडलं आणि पहिला टॉप बाईंच्या हाती दिला. तो त्यांच्या हातात आडवा राहिला. पुठ्ठा जसा आडवा राहतो तसा, कुठेही न वाकता. बाईंनी तो जमिनीवर ठेवला तर तो भिंतीला टेकून उभा राहिला. मी (अजूनही कळत नाही का) म्हटलं की घातल्यावर फरक पडतो. माझी पहिली विद्यार्थिनी मनकर्णा, जनाबाईची सतरा वर्षांची मुलगी, मोठ्या उत्साहाने तो घेऊन आत गेली. समोरची आणि मागची बाजू एकमेकींना चिकटलेली, त्या सोडवताना पापड भाजल्यासारखा आवाज माजघरातून बाहेर येत होता. मग ती आली. दोन्ही हात खांद्यातून आडवे, बुजगावण्यासारखे. "जयूताई," ती कळवळून म्हणाली, "हात खाली येऊन नाही राहिले वं!" तोवर तिला घाम फुटला आणि खळ विरघळू लागली. चिकट पेज मानेवरून ओघळते आहे, माशा जमा होताहेत, आणि चिटणीसबाई अतिशय सभ्य आवाजात मला विचारतात, "पण यात हवा कुठून जाते?"

हे ऐकून बाबा मागावरून उठून बाहेर आले. मला वाटलं, बाप आहे, सावरून घेईल. ते हात जोडून म्हणाले, "बाई, वाजवून पाहा. दोन पाण्यात नाही मरत. आपल्या हातची खळ आहे." आणि बाईंनी वाजवून पाहिलं! आई चुलीशी तोंडात पदर कोंबून बसली होती. नंतर म्हणते, एक बंडी वावरात उभी करून ठेव, पाखरं नाही येणार.

बाईंचा निर्णय असा: कापड छान, विचार छान, खळ काढता येईल, पण बिनबाहीचे कपडे मंडळात चालणार नाहीत. पुढच्या बुधवारी, २१ तारखेला, त्या पुन्हा येतील, मी सगळ्या मुलींसमोर एक बाहीचा टॉप कापून, बाही बसवून दाखवावा, तर मशीन आमचं. नाहीतर पोपटांचं. माझा संताप तू समजू शकतेस. बाही ही थंड देशांची गरज आहे, काखेतला वारा अडवणारी रूढी स्त्रीची प्रगतीही अडवते, हे मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं. तत्त्वासाठी मशीन गेलं तरी बेहत्तर, असंही म्हणाले. मनकर्णाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला आवडली नाही.

असो. वडीलधाऱ्यांना नमस्कार सांग. माझी काळजी करू नकोस, माझा निश्चय अढळ आहे.

तुझी (या घरात न हसणारी एकमेव) भाची,
जयवंता

ता. क. बाई गेल्यावर बाबांनी विचारलं, "पसंत पडलं ना वं त्याइले?" मी हो म्हटलं. हे माझ्या कुठल्याच तत्त्वात बसत नाही.

ता. क. २. ही ओळ काकाजींना वाचून दाखवू नकोस. बाहीबद्दल वर जे लिहिलं ते खरं आहे, पण ते मला नंतर सुचलं. आधी मी बाही बसवून पाहिली होती. पाच वेळा. मुंढ्याचा, म्हणजे खांद्याशी कापलेल्या भोकाचा, गोल आणि बाहीचा गोल जुळतच नाहीत, पुस्तकातल्या आकृतीत जुळतात. दोनदा उलटी बसली, दोनदा चुण्या पडल्या आणि एकदा मी ती गळ्याला शिवली. तू शनिवारच्या छोट्या गाडीने ये. लोणच्याच्या कैऱ्या द्यायला आले असं घरी सांग. बुधवारी पंधरा पोरी माझ्या हातांकडे बघत बसणार आहेत आणि त्यांना वाटतं की मला सगळं येतं. दोन्ही बाह्या शिकव. उजवी आली म्हणजे डावी येतेच असं नाही.