दारातला लाल खोका संरक्षित झाला त्याची हकिकत

मु. पो. तेर
रामनवमीचा दुसरा दिवस

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्या चारूचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींनी मीठ कमी केलं, की लोणच्याची बरणी अजून ताटाशेजारीच असते? तुळजापुरात ऊन फार असेल, दुपारचं बाहेर पडू नका. आमच्याकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर मला असा धक्का बसलाय की पोळी तव्यावर टाकते, दाराकडं बघत उभी राहते आणि पोळीचा कोळसा होतो. फोनच केला असता, पण फोन या वस्तूचाच मी धसका घेतलाय, म्हणून कागद पुढं ओढला.

आमच्या दारातला तो लाल खोका तुम्हाला आठवत असेलच (तुम्ही एकदा त्यात अडकला होतात आणि वहिनींनी सदरा धरून बाहेर ओढलं होतं). आमच्या ह्यांना एसटीडी बूथचं लायसन मिळालं तेव्हा बाकीच्यांनी साधी प्लायवूडची खोपटी केली. ह्यांना विलायती हवं होतं. कुणीतरी दिलेल्या बिस्किटांच्या डब्यावर लंडनच्या रस्त्यातला लाल टेलिफोनचा खोका छापलेला होता. तो डबा घेऊन हे कल्याणप्पा वेल्डरकडं गेले. कल्याणप्पानं डबा उलटसुलट करून बघितला, आतली बिस्किटं खाल्ली आणि खोका करून दिला. चित्रात वर राणीचा मुकुट होता. तो काही त्याला उमगेना, म्हणून त्यानं सोनारीच्या काळभैरवाचा टोप आठवून तसा बसवला. रंग एसटीच्या गाडीचा. खाली फरशी घालायची राहिली ती राहिलीच. पुढं मोबाइल आले, फोन गेला आणि तेव्हापासून त्यात माझे कांदे असतात.

वैदेहीचं लग्न वैशाखात धरलं तेव्हा मी एकच गोष्ट मागितली, मांडव आपल्या दारात पडला पाहिजे. दादा, तुम्हाला काय सांगायचं? आपले नाना गेले त्याच वर्षी माझं लग्न उरकलं, तेही काकांच्या गावी. आपल्या दारात मांडवाची मेढ रोवली नाही की तोरण लागलं नाही. त्या दिवशी आईनं आपल्या रिकाम्या अंगणात सडा घालून एवढी मोठी रांगोळी काढली होती, हे तुम्हीच मला नंतर सांगितलंत. ते माझ्या काळजात रुतून बसलंय. माझी लेक माझ्या दारातून, माझ्या मांडवातून जावी, मग जेवणात जिलबी नसली तरी चालेल. आता मेढ रोवायची जागा म्हणजे दाराच्या उजव्या हाताला, आणि नेमका तिथंच हा खोका. मी ह्यांना म्हटलं, भंगारवाल्याला बोलवा. ह्यांनी मान हलवली. (इतकी वर्षं संसार करूनही ती मान उभी हलते की आडवी, हे मला सांगता येत नाही.)

भंगारवाला यायच्या आधी रणधीर आला. हा पुण्याचा तरुण, जुन्या वास्तू बघत आणि लोकांना दाखवत हिंडतो. आला होता गावातलं प्राचीन काहीबाही बघायला. आमच्या गल्लीत शिरला, खोका पाहिला आणि दोन्ही हात डोक्याला लावून मटकन खाली बसला. मला वाटलं ऊन लागलं, मी गूळ-पाणी घेऊन धावले. तर तो म्हणे, इंग्लंडात असल्या खोक्यांना कायद्याचं संरक्षण आहे, तिथं त्यांची कडीसुद्धा बदलता येत नाही, आणि इथं मराठवाड्यात असा दुर्मीळ नमुना! किती जुना, म्हणून त्यानं विचारलं. आमचे हे खोटं बोलत नाहीत, पण खरंही पूर्ण बोलत नाहीत. "बराच जुना आहे," एवढं म्हणून आभाळाकडं बघत राहिले. मग रणधीरनं वरचा टोप न्याहाळला आणि त्यात निजामी कारागिरीची छाप ओळखली. दादा, हे तेर आहे हो! इथं भेंडीचं आळं केलं तरी दोन हजार वर्षांपूर्वीचे मणी वर येतात आणि कुणी वाकून बघत नाही. आणि संरक्षण कशाला, तर माझ्या कांद्यांच्या खोक्याला!

पुढचं सगळं असं झपाट्यानं झालं की मला पदर सावरायला सवड मिळाली नाही. गावात वारसा समिती निघाली, गावपुढारी आण्णासाहेब अध्यक्ष झाले. (त्यांच्या शेतावर एक कोरीव खांब म्हशी बांधायला आहे.) समारंभ झाला, ह्यांना फेटा बांधला, शाल घातली. कल्याणप्पा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. मी त्याला बाजूला घेतलं, म्हटलं तुम्ही तरी खरं बोला. तो हात जोडून म्हणाला, "ताई, म्या केलं म्हणलो तर वारसा कसा ऱ्हाईल? माझ्या हातच्या कामाला लोक निजामाच्या काळचं म्हणत्यात. लई झालं की!" आता या माणसावर रागवायचं तरी कसं?

टाळ्या संपल्या आणि समितीनं फलक ठोकला: या वास्तूभोवती खोदणे, खांब रोवणे व वास्तूमधील कोणतीही वस्तू हलवणे यास सक्त मनाई आहे. मी तो तिथंच उभ्यानं वाचला. मांडव गेला! शिवाय कांदे आत. ते आता वारशात मोडतात, हातभर पात वाढलीय आणि मी बाजारातून कांदे आणते. भरीला कळंब-धाराशिवकडची लग्नाळू जोडपी फोटो काढायला येतात. परवा एक नवरदेव रिसीव्हर म्हणून माझं लाटणं मागून घेऊन गेला. मी आण्णासाहेबांकडं गेले, माझ्या मांडवाचं सांगितलं, सांगता सांगता रडलेसुद्धा. ते म्हणाले, "वहिनी, लंडनात असल्या खोक्याला बोट लावायची कुणाची टाप न्हाय. मांडव काय, कार्यालयात बी पडतो." रात्रभर वैदेही माझ्याजवळ बसून होती. आई, राहू दे, हॉल घेऊ, म्हणाली. तिचं ते समजूतदार बोलणं ऐकून मला जास्तच तिडीक आली.

सकाळी मी फलक पुन्हा वाचला. खोदायला मनाई वास्तूभोवती, आत नव्हे! आणि आत तर फरशीच नाही. चैत्रातला चांगला दिवस पाहिला, पाच सवाष्णी बोलावल्या, कांदे सरकवायचे नाहीत म्हणून त्यांच्यामधल्या जागेत खड्डा केला, हळद-कुंकू वाहिलं आणि आंब्याच्या डहाळ्या बांधून मेढ खोक्याच्या आत रोवली. फोनच्या तारेसाठी वर ठेवलेल्या भोकातून तिचा शेंडा वर निघालाय, काळभैरवाच्या टोपात आंब्याची पानं. आण्णासाहेब धावत आले. मी फलकाकडं बोट केलं. आतली वस्तू हलवायला मनाई आहे, आणि रोवलेली मेढ लग्नाआधी उपटायची हिंमत त्यांच्यात तर नाहीच. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "बरं, खांब तेवढे रोवू नका." नाहीच रोवत. खोक्यापासून भिंतीला आणि लिंबाला दोर बांधून कापड टाकायचं ठरलंय.

तर दादा, मांडव आपल्या दारातच पडतोय. हे लिहिताना डोळे भरून आलेत, अक्षर वाकडं झालं तर समजून घ्या. वहिनींना नमस्कार, मुलांना पोटभर आशीर्वाद.

तुमची
चारू

ता. क. आमचे हे आता येणाऱ्या-जाणाऱ्याला खोक्याची माहिती सांगतात. काल ऐकलं, त्यात निजामाचा एक फोनही आलेला आहे.

ता. क. २ खरं काम लिहायचं राहिलंच. सवाष्णी जमायच्या आधी मेढीचा खड्डा करताना खाली एक अखंड मडकं लागलं. जुनं, फार जुनं, हे मलाही कळलं. बोभाटा झाला असता तर खऱ्या पुरातत्त्व खात्यानं खऱ्या दोऱ्या लावून सगळं अंगणच बंद केलं असतं. अक्षता पडल्या की मी स्वतः डोक्यावरून नेऊन संग्रहालयात देणार, तुळजाभवानीची शपथ! तोवर कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून मी ते धुऊन, धुरपताबाई कुंभारणीनं लग्नासाठी आणलेल्या मडक्यांत ठेवलं. चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात तिनं सगळ्यांना चुना लावून वर गेरूची नक्षी काढली.

ता. क. ३ दादा, तुम्ही जन्मभर शाळेत इतिहास शिकवलात. वधूचा मामा म्हणून आठ दिवस आधी या आणि त्यातलं ते मडकं तेवढं ओळखून द्या. मला ओळखता येत नाही. शेवटी धुरपताबाईलाच विश्वासात घेतलं. तिनं एकेक उचललं, टिचकी मारली, कानाशी धरलं, आणि सगळी परत मांडून म्हणाली, "कसं वळखू, बाई? समदी आमच्याच घरची दिसत्यात."