सूर्यमाळच्या म्हाताऱ्याची कबुली

अप्पा,

"त्यानं तुझ्याच माणसाचं आयकलं, बाय," असं ती बाई आईला म्हणाली होती. आपल्या मागच्या अंगणात जात्यापाशी ती उकिडवी बसली होती आणि मी पायरीवर वाल सोलत होते. ती सूर्यमाळहून चालत आली होती. तिचा म्हातारा कचेरीच्या कोठडीत होता आणि गजांतून तो तिला एवढंच म्हणाला होता की, दादानं सांगितलं तसा बोललो. दादा म्हणजे तुम्ही. डोंगरातली सगळी माणसं तुम्हाला दादा म्हणायची आणि अरेतुरे करायची, आणि तुम्हाला ते आवडायचं. आईनं तिच्या भाकरीवर सुकटीची चटणी ठेवली आणि म्हणाली, "माझा माणूस साहेबांचा नोकर आहे गं. तो कोणाला काय सांगणार?" बाई म्हणाली, "साहेबाचं बोलनं आमाला कलत नाय. तुझा माणूस सांगल तेच साहेब बोलला." आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मला आत पिटाळलं. वाल अर्धेच सोलून झाले होते.

तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. आता तुम्ही गेलात त्या वयाच्या जवळ आले आहे, आणि त्या वाक्याचा अर्थ मला अजून लावता येत नाही. तुम्हाला साधी गोष्ट विचारायची म्हटली तरी मी उलटतपासणीला उभी राहिल्यासारखी बोलते. हा दोष वकिलाच्या घरात नांदल्याचा असेल. तुमच्या जावयांनी याच कचेरीत वकिली केली. जेवताना ते खटले सांगतात आणि मी भात वाढता वाढता ऐकते. पण त्यांच्याही आधी जेवताना खटले सांगणारे तुम्ही होतात.

कचेरीतलं तुमचं दुभाष्याचं काम मला पाठ होतं. आजोबा मोखाड्याला कारकून होते, म्हणून डोंगरची बोली तुमच्या तोंडात लहानपणापासून. साहेब बाहेरून आलेले, त्यांना त्यातलं अक्षर कळायचं नाही. साहेब प्रश्न विचारणार, तो तुम्ही बोलीत सांगणार, आरोपी बोलणार, त्याचं तुम्ही मराठी करणार, तेच लिहिणार, वाचून दाखवणार आणि अंगठा घेणार. एक माणूस आणि कायदा यांच्या मधे तुम्ही एकटे उभे. लहानपणी मला याचा केवढा अभिमान वाटायचा. आता वाटतं, मधे उभा राहिलेला माणूस दोन्ही बाजूंना किती सहज झाकू शकतो.

खटला काय होता ते गावभर माहीत होतं. भातझोडणीच्या दिवसांत संस्थानच्या दरबारचा एक शिपाई सूर्यमाळच्या एका खळ्यावर वसुलीचं धान्य उचलायला गेला, बाचाबाची झाली, डोक्यात काठी बसली आणि काही दिवसांनी तो मेला. फौजदार वर गेले, पंचनामा झाला, आणि म्हाताऱ्याला दोरी लावून खाली आणलं. म्हाताऱ्याचा मुलगा नुकता लग्न झालेला, अंगानं दणकट. म्हाताऱ्याला नीट काठी टेकताही येत नव्हती. मी त्याला कचेरीच्या ओट्यावर बसलेला पाहिला होता.

आणि आधीच्याच दिवाळीत, अप्पा, तुम्ही आम्हाला हसवलं होतं. पाड्यावर पंच कसे बसतात त्याची नक्कल केली होती. घरातल्या पोरानं काही आगळीक केली की घरातला मोठा उठतो आणि म्हणतो, मी केलं. त्यानं केलं नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण घरानं दोष पत्करला, एवढं पंचांना पुरतं. बकरं, दारू, सगळ्या पाड्याला जेवण, आणि गोष्ट तिथंच पुरायची. पुन्हा कोणी तिचं नाव काढायचं नाही. "सूर्यमाळच्या बाजूला गुन्हेगार शोधायचा असेल," तुम्ही पानावरून हात वर करून म्हणालात, "तर कबूल होणारा सोडून बाकीच्यांत शोधावा." आईला हसताना ठसका लागला होता. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. इतकं नीट जव्हार-मोखाड्यात दुसऱ्या कोणाला माहीत नसेल.

मग माघातला तो दिवस. तुम्ही डबा विसरलात म्हणून आईनं मला पाठवलं. पुकारा झाला होता, म्हातारा आत उभा होता आणि पट्टेवाल्यानं मला दाराशीच थांबवलं. साहेब विचारतात, "शिपायाला तू मारलंस?" म्हातारा साहेबांकडे बघत नाही, तुमच्याकडे बघतो. तुम्ही बोलायला लागता. प्रश्न दोन-तीन शब्दांचा, आणि तुम्ही कितीतरी वेळ बोलता, हळू, खाली वाकून, जसे मला ताप आल्यावर बोलायचात तसे. साहेब टाक खाली ठेवतात. म्हातारा मान डोलावतो. पुन्हा काहीतरी विचारतो, तुम्ही पुन्हा सांगता. मग तो ताठ उभा राहतो, पाड्यावर पंचांसमोर राहत असेल तसा, आणि काहीतरी म्हणतो. तुम्ही साहेबांकडे वळता. "कबूल आहे, साहेब."

मला डोंगरची बोली येत नव्हती. तुम्ही मला ती कधी शिकवली नाहीत.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "अप्पा, तुम्ही त्या म्हाताऱ्याला एवढं काय सांगितलंत?" तुम्ही मला कधी ओरडला नव्हतात. त्या दिवशीही आवाज चढला नाही, फक्त थंड झाला. "कचेरीतलं घरात आणायचं नाही." रोज रात्री कचेरी पानात वाढून घेणारे तुम्ही हे म्हणालात, आणि मला वाटतं, माझ्या मनात पहिली शंका त्याच रात्री शिरली.

पुढचं सगळं त्या दोन शब्दांवरून चाललं. कबुलीचा कागद वरच्या कोर्टात गेला, तिथं वाचला गेला, म्हाताऱ्यानं तिथंही तेच म्हटलं आणि तिथंही मधे तुम्हीच होतात. साक्षीदार फारसे तपासलेच नाहीत. सक्तमजुरी झाली, दरबारनं ती कायम केली, आणि दुसऱ्या पावसाळ्यात म्हातारा तुरुंगातच वारला. कबुलीनंतरच्याच उन्हाळ्यात फौजदारांकडून आपल्याकडे सागवानी झोपाळा आला होता. "फौजदार खूश आहेत," एवढंच तुम्ही म्हणालात. आई त्यावर बसून तांदूळ निवडायची. मी तर त्यावर पोट दुखेपर्यंत झोके घेतले. झोपाळा देण्याएवढा कोणी कशावर खूश होतो, हे घरात कोणी विचारलं नाही.

खूप वर्षांनी मी ह्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, की कबुली घेताना नियम काय असतो. ते म्हणाले, "साहेबांनी आधी आरोपीला बजावायचं असतं. बोलायलाच हवं असं नाही, आणि बोललास तर ते तुझ्यावरच उलटेल."

"आणि त्याला साहेबांची भाषाच येत नसेल तर?"

"तर जो समजावून सांगतो त्याच्या इमानावर सगळं." त्यांचा घास हातातच राहिला. "का गं?"

"काही नाही. आमटी घेता?"

त्या रात्रीपासून माझी शंका दोन्ही बाजूंना फिरते. तुम्ही वाकून एवढं बोललात ते कदाचित हेच असेल. हे पंच नाहीत बाबा, इथं बकरं देऊन सुटता येत नाही, हो म्हणालास तर घरी जाणार नाहीस. आणि ते ऐकूनही तो मुलासाठी ताठ उभा राहिला असेल. किंवा तुम्ही त्याला सांगितलं असेल, हो म्हण म्हणजे इथंच मिटेल. सुरात तर माया होती. पण फसवणारा माणूसही सूर मायेचाच लावतो. कधी वाटतं, तुम्ही वाकला होतात हेही मीच नंतर जोडलं असेल.

हे सगळं आज लिहायचं कारण, परवा त्या म्हाताऱ्याचा मुलगा दारात आला. मुलगा कसला, केस पांढरे झालेत. पानात बांधलेले करांद्याचे कंद त्यानं ओट्यावर ठेवले. "तू दादाची पोर ना? तोंड त्याचंच हाय तुला." मग तो ओट्याच्या कडेला टेकला. "आई होती तवर तिनं मला हितं येऊ नाय दिलं. आता ती गेली." मी पाणी दिलं. तो पाणी हातात धरून म्हणाला, "मारला कोनी ते तुला ठावं असंल."

मी म्हटलं, "मला काही ठाऊक नाही."

"ठावं हाय," तो हसला. "साऱ्या डोंगराला ठावं हाय. मला दुसरंच विचारायचंय, बाय. माझ्या बापाला म्हाईत होतं का, तो परत येनार नाय ते? का त्याला वाटलं, सांजच्याला घरी जाईन? त्यानं मला वाचवला, का तो फसला? तेवढं सांग."

त्याची आई आयुष्यभर तुम्हाला दोष देत गेली, आणि तो तुमच्या मुलीच्या ओट्यावर बसून हात जोडत होता. मी म्हटलं, "पुढच्या बाजाराला ये. आठवून ठेवते." आठवण्यासारखं माझ्याकडे काही नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. चुलीपाशी बसून लिहिते आहे, तिथंच संपेल. उद्या बाजार. त्याला मी सांगणार आहे, की तुम्ही त्याच्या बापाला सगळं बजावलं होतंत आणि तो जाणूनबुजून हो म्हणाला. ऐकीव गोष्ट साक्षीत घालायची नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत, आणि मी तर ऐकीवही नाही, न ऐकलेली घालणार आहे. तुम्ही खरंच बजावलं असेल तरी तुम्हाला ते चालणार नाही. बजावलं नसेल तर मुळीच चालणार नाही. तरीही, अप्पा, फक्त उद्यापुरती, तुमच्या आणि त्या म्हाताऱ्याच्या मधे मला उभी राहू द्या.