बेगिमायसाठी दार उघडं ठेवण्याविषयी

मी, सालकीन ओरोझालियेवा, वय एकाहत्तर, नारीन शहराच्या नाट्यगृहातली नटी, हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य सगळेच लिहितात. मी ते ठासून लिहिते, कारण अकरा वर्षं मी माझी बुद्धी दुसऱ्याच्या हवाली केली होती. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. यापूर्वीचं माझं प्रत्येक मृत्युपत्र रद्द समजावं. विशेषतः १९९६ साली ‘निर्मळ घर’ या पंथाच्या नावे लिहून दिलेलं. त्यावर सही करताना मी आनंदाने रडले होते.

नोटरी जिपारा मला एजे, म्हणजे थोरली ताई, म्हणते. पहिला मसुदा वाचून ती म्हणाली, “एजे, मृत्युपत्रात भाषण नसतं.”

“मग पोरी, माझं अर्धं आयुष्य बाहेरच राहील की!”

तिने हसून आणखी कोरे कागद पुढे केले. त्यामुळे पुढे जे लांबलं आहे त्याचा दोष तिचाही आहे.

कलम १. नदीकाठच्या माझ्या तीन खोल्यांच्या घराची मालकी नाट्यगृहात वेशभूषा सांभाळणारी माझी मैत्रीण कुलुयपा असानोवा हिच्याकडे जाईल. त्या घरात राहण्याचा हक्क मात्र माझी मुलगी बेगिमाय हिला तहहयात असेल. घर पुढे कुणाकडेही गेलं तरी हा हक्क हलणार नाही.

बेगिमाय अजून पंथात आहे. तिथे माणसाकडून सगळं लिहून घेतात. जे तिच्या नावावर नाही, ते तिला लिहून देता येणार नाही, म्हणून ही व्यवस्था. हा तिच्यावर अविश्वास नाही. ही कुलुपं मी त्यांच्यासाठी लावते आहे, तिच्यासाठी नाही.

‘पंथ सोडलास तरच घर’ असं लिहा, असा सल्ला मला तीन शहाण्या माणसांनी दिला. नाही! अटीवर माया वाटण्याचा धंदा मी आतून पाहिला आहे. तो माझ्या घरात चालणार नाही. तिने एक दिवस यावं, नाहीतर कायमचं यावं. ती त्यांची प्रार्थना म्हणत आली, तरी तिला पूर्वेकडची खोली द्यावी. तिथे ऊन लवकर येतं.

कलम २. माझी निळी वही शहरातल्या नाट्यशिक्षण वर्गाला द्यावी. तिच्यात माझा गुन्हा लिहिला आहे. १९९४ साली नाट्यगृहाचे पगार थांबले. नवरा गेला होता, बेगिमाय सात वर्षांची होती. पंथाने आम्हाला गरम सूप दिलं आणि मला काम दिलं. ज्यांना आम्ही ‘वडील’ म्हणायचो, त्यांचा आवाज तेव्हा चिरका होता. तो मी घडवला. समोरच्याचं नाव घेण्याआधी किती थांबायचं, डोळे कधी खाली करायचे, शेवटचा शब्द कसा जवळजवळ कुजबुजायचा, हे सगळं मी शिकवलं. माणसं त्या थांबण्यावर रडायची आणि मेंढ्या, घरं, मुलं देऊन टाकायची.

२००५ साली एका विधवेसमोर बसलेल्या माझ्या अठरा वर्षांच्या मुलीने तिचं नाव घेण्याआधी तस्संच थांबलेलं मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. ती आली नाही.

त्यानंतर अडतीस गावांच्या शाळांत मी हा प्रयोग केला. आधी मुलांना रडवायचं, मग कसं रडवलं ते उलगडून दाखवायचं. वही कपाटात बंद करू नये. असली विद्या गुप्त राहिली की विष होते, चारचौघांत मांडली की नुसती कसरत उरते.

कलम ३. माझी लोकरीची शाल दिग्दर्शक तुर्दुबेक बाइके, म्हणजे आमचे तुर्दुबेकदादा, यांना. पंथ सोडून मी नाट्यगृहात परतले तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, “हिला प्रेक्षक टाळ्या देतील की देणग्या?” आणि सात वर्षं मला बिनसंवादाची मोलकरीण केलं. आता त्यांचे गुडघे दुखतात. शाल गुडघ्यांसाठी आहे. राग मी सोबत नेते.

कलम ४. बेगिमायला माझी माफी. हीदेखील माझी मालमत्ता आहे आणि ती तिचीच आहे. राजधानीत पंथाविरुद्धच्या एका मोठ्या सभेत मी तिचा फोटो पडद्यावर लावला, तिचं नाव घेतलं आणि नाव घेण्याआधी थांबले. सभागृह रडलं. आठवड्याने तिचा फोन आला.

“आई, त्यांनी मला वापरलं म्हणतेस. तू काय केलंस गं?”

भाषणं करणारी बाई मी, पण याचं उत्तर आज देते: तेच केलं. ती चूक होती. तिचा तो फोटो पुन्हा कुठेही लावू नये, माझ्या मरणाच्या बातमीतसुद्धा.

कलम ५. माझ्यासाठी रीतीप्रमाणे अंगणात तंबू उभारावा. तिसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहून मला पुरावं. आत बायका भिंतीकडे तोंड करून कोशोक, म्हणजे मेलेल्यासाठीचा विलाप, म्हणतील, तेव्हा मुलीची पहिली जागा रिकामी ठेवावी. पंथात मेलेल्यांसाठी रडायला मनाई आहे. त्याच मनाईपायी माझ्या स्वतःच्या आईच्या तंबूत माझी जागा रिकामी राहिली. रंगमंचावर शेकडो विलाप गाणारी मी गेलेच नाही. बेगिमाय आली आणि गप्प बसली, तर तिला कुणी रडायला लावू नये. “आता आलीस होय?” असं म्हणणाऱ्या बाईला कुलुयपाने बाहेर काढावं.

हे वाचून कुलुयपा म्हणाली, “मेल्यावरही प्रवेश तूच बसवणार!”

“मग? तुझ्यावर सोडू?”

कलम ६. माझा मोबाइल कुलुयपाने चालू ठेवावा, तोच नंबर, ती असेपर्यंत. वर्षातून एकदोनदा अनोळखी नंबरावरून फोन येतो. पलीकडे कुणी बोलत नाही, फक्त श्वास ऐकू येतो. मी ओळखते. फोन उचलावा. ‘कुठे आहेस’ विचारू नये, ‘परत ये’ म्हणू नये. मी गेल्याचंही लगेच सांगू नये. आधी विचारावं, जेवलीस का. मग ती ठेवेपर्यंत आपण ठेवू नये.

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सालकीन ओरोझालियेवा
नारीन, १२ ऑक्टोबर २०२३

साक्षीदार: एमिलबेक साटारोव, शेजारी

साक्षीदार: जानील माम्बेतोवा, निवृत्त शिक्षिका

मान्य: कुलुयपा असानोवा. फोन मिळाला, चार्जरही. आजपासून उशाशी.