शेजारच्या इकराची शिकवणी

अहमदपूर

अक्का,

नांदेडच्या कॉन्व्हेंटात सगळे तुला सिस्टर म्हणतात. मला ते जमायचं न्हाई.

माझ्या मार्थाची इथल्या कॉन्व्हेंट शाळेची फी आम्हाला झेपंना म्हणून तुला एक शब्द टाक म्हणलं होतं. "नियम सगळ्यांना सारखाच," म्हणालीस. बरं. पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊ लागली. शेजारच्या खाजाभाईंची इकरा मात्र कॉन्व्हेंटात जाते.

काल अंगणात ती मार्थाला मरियामातेची प्रार्थना शिकवत होती. "डोळे मीट, आमच्या सिस्टर रागावतात," म्हणे. मरियामाय आमची, अन् सिस्टर तिच्या! लई जळलं माझं. पोरीला ओढून घरात आणावं वाटलं.

न्हाई आणलं. बाबांनी दोघींतल्या एकीलाच बोर्डिंगात घातलं, ती तू. मी शेळ्या राखल्या. प्रार्थना पाठ न्हाई म्हणून चर्चमधी आजही मी नुसते ओठ हलवते. हे तुला कधी कळू दिलं न्हाई, आताही देणार न्हाई; हे पत्र मी धाडणारच न्हाई.

म्हणून दाराआड उभी राहिले, अन् इकरा म्हणंल तसं हळूच म्हणत गेले. मार्था चुकली, तशी इकरानं तिला पहिल्यापासून म्हणायला लावलं.

बरं झालं. मधली ओळ माझीबी सुटली होती.

तुझी धाकटी,
सलोमी