अमावास्येच्या आधी

कळंबोली, १२ मार्च १९९६

तीर्थरूप अक्का,

तुझ्या पायांना हात लावून नमस्कार. आजचं पत्र त्या पायांसाठीच आहे.

अमावास्येला आईच्या कमरेत लाथ मारणार, असं तू लिहिलंस. मारू नको. तू पायाळू, पायांकडून जन्मलेली, म्हणून सगळा गाव उसण काढायला तुझ्याकडे येतो, मीही आलोय. पण आईची उसण नाही, चार वर्षांचं दुखणं आहे.

माझं बरं चाललंय. लोखंड उचलून धरलेली कंबर इस्पितळातल्या बाई हातांनी मोकळी करतात. मुकादम दोन तास सोडतो. बाई शिकलेल्या, तरी एकदम दाबत नाहीत. आधी डोळे मिटायला सांगतात आणि तळपायावर कापूस फिरवतात. कापूस कळला नाही तर कमरेला हात लावत नाहीत, मोठ्या डॉक्टरांकडे पाठवतात. नस दबलेली असताना जोर दिला तर पाय कायमचा जाऊ शकतो, म्हणाल्या.

दिवाळीत आईची एक चप्पल अंगणातच गळून पडली आणि तिला कळलंही नाही. आपण हसलो होतो.

तिला कापूस लावून बघ. ‘कळतंय का’ असं विचारू नको, घर अडेल म्हणून ती हो म्हणेल. कुठल्या पायाला लावला ते विचार. चुकली तर दाजींना घेऊन तिला साताऱ्याला दवाखान्यात ने.

मला बाईंनी ‘कळतंय का’ एवढंच विचारलं होतं. डाव्या पायाला काही कळलं नव्हतं, तरी मी हो म्हणालो.

तुझा धाकटा,
हौसेराव